खान्देशचा माळ आणि मध्य आशियाचं स्टेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतले शेतकरी, मेंढपाळ, शाळेतले गुरुजी आणि कॅमेरा घेऊन फिरणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांनी लांडग्याचा प्रश्न आधी वाचावा.

समशीतोष्ण गवताळ प्रदेश म्हणजे काय? आपला माळ त्यात येतो का?

नाही येत. समशीतोष्ण गवताळ प्रदेश म्हणजे जिथे उन्हाळा गरम, हिवाळा गोठवणारा आणि पाऊस साधारण २५० ते ७५० मिलिमीटर असतो असे मोकळे पट्टे. हंगेरीपासून मंचुरियापर्यंत जवळपास ८,००० किलोमीटर पसरलेलं स्टेप, उत्तर अमेरिकेतली प्रेअरी, अर्जेंटिनाकडचा पंपास आणि दक्षिण आफ्रिकेतला उंचावरचा वेल्ड हे त्यातले मोठे पट्टे. कझाकस्तानात हिवाळ्यात पारा उणे ३०-४० पर्यंत उतरतो. धुळ्यात जानेवारीच्या पहाटे ५-६ अंशांवर आला की आपण शेकोट्या पेटवतो, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास भुसावळ-जळगावकडे ४४-४५ अंशांत होरपळतो. आपला माळ उष्ण कटिबंधातला, निमकोरडा आहे.

तरी दोघांना एका पानावर आणण्याला कारण आहे. स्टेपवर अंडी घालणारे कितीतरी पक्षी हिवाळा आपल्या वावरात आणि माळावर काढतात. तिथलं गवत नांगरलं की इथल्या आकाशात पाखरं कमी होतात, आणि इथला माळ गेला की तिथली घरटी रिकामी राहतात.

तिकडे मैलोन्‌मैल झाड का नसतं? आणि इकडे?

तिकडे पाऊस झाडाला अपुरा, हिवाळा लांब, वरून वणवे आणि चरणारे कळप. गवताचा वाढणारा कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळे जळलं, खाल्लं, गोठलं तरी ते खालून पुन्हा फुटतं. झाडाचा शेंडा एकदा गेला की रोप मागे पडतं.

आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही. धुळे-शिंदखेड्याच्या बाजूला वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत; उरलेले आठ महिने कोरडे. माळावर मुरमाचा थर वीतभर, त्याखाली काळा पाषाण. अशा बरडावर बोर, हिवर, हिंगणबेट, खैर अशी विखुरलेली काटेरी झाडं तग धरतात आणि मधली जागा गवताची असते. ‘जंगल तोडलं म्हणून माळ उरला’ असं सरसकट म्हणणं चूक आहे. काही ठिकाणी ते खरं असेलही, पण बऱ्याच बरडांवर दाट जंगल कधी उभंच राहिलं नसतं.

स्टेपची माती काळी, आपलीही काळी. मग एकच ना?

रंग सोडला तर फारसं साम्य नाही. स्टेपच्या काळ्या मातीला चेर्नोझेम म्हणतात. तिचा रंग हजारो वर्षं कुजलेल्या गवताच्या मुळांचा. तिच्यात सेंद्रिय पदार्थ भरपूर आणि पोत भुसभुशीत. आपली कापसाची माती बसाल्टच्या झिजेतून आलेली, चिकणमातीने भरलेली. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काळी दिसली तरी तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या खालीच असतो. माती परीक्षणाचा कागद बघा, कळेल.

खान्देशात असा माळ कुठे बघायला मिळेल?

आधी भूगोल डोळ्यासमोर आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी तापी. तापीकाठचा गाळाचा पट्टा, म्हणजे रावेर-यावलच्या केळीचा, पूर्ण शेतीखाली आहे. तिथे माळ शोधू नका. नदीकाठाला पावसाने कोरलेल्या खोल घळी मात्र बघण्यासारख्या आहेत; कोल्हा, रानमांजर, साळिंदर तिथेच दडतात.

माळ सुरू होतो तो तापीच्या दक्षिणेला, जमीन चढू लागली की. धुळे, साक्री, शिंदखेडा आणि नंदुरबारकडे फिरताना सपाट शिवारात मध्येच कोणीतरी दगडी भिंत रचल्यासारखी लांबच लांब, अरुंद टेकाडं दिसतात. लाव्हा भेगांत घुसून थिजला, बाजूचा मऊ खडक झिजला आणि ही कठीण भिंत उभी राहिली. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात, आणि धुळे-नंदुरबारचा डाइकांचा झुबका देशभर माहीत आहे. या भिंतींचा उतार नांगराला नको असतो, म्हणून तिथलं गवत टिकलं. खोकडाची बिळं आणि घुबडांच्या कपारी तिथेच बघा.

धुळ्याजवळ लळिंगचं कुरण आहे. तिथल्या बंगल्याचं नावच लांडोर बंगला, यावरून कुरणात कोण नांदतं ते ओळखा. अनेर धरण, यावल आणि गौताळा-औट्रम घाट ही अभयारण्यं मुख्यतः झाडोऱ्याची, पण त्यांच्या कडेला गवताचे तुकडे आहेत. हतनूरचा जलाशय पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध; पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेरावर माळाचे पक्षीही उतरतात.

गवत ओळखायचं कसं? सगळं सारखंच दिसतं.

सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, तुरे आल्यावर जा. बिनतुऱ्याचं गवत ओळखण्यात जाणकारही फसतात.

मारवेल: काडीच्या पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, नख फिरवलं की जाणवतं. शेंड्याला हाताच्या बोटांसारखे जांभळट तुरे. गुरांचं सगळ्यात आवडतं, म्हणून पहिलं संपणारंही हेच.

पवना: मुरमाड उतारावर झुपक्याने वाढतो, तुरा एकेकटा आणि फिकट. पवना भरपूर असेल तर माळ निरोगी आहे असं समजायला हरकत नाही.

डोंगरी: तुरा मोकळा, सोनेरी-तांबूस. सकाळच्या तिरप्या उन्हात अख्खा उतार पेटल्यासारखा दिसतो.

कुसळी: शेंड्याला काळपट कुसळं एकमेकांत वेण्यांसारखी गुंतलेली. एक कुसळ तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. ते हळूहळू स्वतःभोवती फिरू लागेल. ओल आली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातून टोकदार बी मातीत घुसतं. हेच बी मेंढीच्या लोकरीतून कातड्यात आणि गुरांच्या जिभेत-हिरड्यांत घुसतं. म्हणून कुसळी फुलोऱ्याआधी चारावी किंवा कापावी, नाहीतर कुसळं झडून गेल्यावर.

रोशा किंवा तिखाडी: पान चुरगळा, वास सांगेल. याच्या तेलासाठी खान्देश एकेकाळी नावाजलेला होता. जून झालं की गुरं तोंड लावत नाहीत.

आता खरी गंमत. ही गवतं म्हणजे माळाची नाडी आहे. चराई वाढली की पवना-मारवेल मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. आणखी चरलं की तीन कुसळांचं बारीक, वर्षायू गवत उरतं, ज्याला शेळीही नाक मुरडते. त्यानंतर टाकळा, तरवड, रुई आणि उघडा मुरूम. तुमच्या गायरानात यातलं काय जास्त आहे ते दहा पावलं चालून मोजा. कोणालाही विचारायची गरज पडणार नाही.

स्टेप आणि प्रेअरीवर कोणते प्राणी आहेत?

स्टेपचा सगळ्यात चमत्कारिक प्राणी सैगा. अंगाने बकरीएवढा आणि नाक छोट्या सोंडेसारखं लोंबतं. हिवाळ्यात गोठलेली हवा त्या नाकात ऊबदार होते आणि उन्हाळ्यात कळपाची धूळ गाळली जाते. २०१५ च्या मे महिन्यात कझाकस्तानात तीनेक आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सैगा मेले. एरवी त्यांच्याच घशात निरुपद्रवी राहणारा एक जिवाणू, अवेळी उबदार-दमट हवा पडताच, रक्तात पसरला. तेव्हा वाटलं होतं की संपले. पण मादीला बहुधा जुळी होतात, शिकारीवर पहारा बसला आणि २०२३ पर्यंत कझाकस्तानातला आकडा १९ लाखांवर गेला.

प्रेअरीवर बायसन होते, तीन ते सहा कोटी असा अंदाज दिला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजाराच्या आत उरले. त्यांच्याबरोबर प्रेअरी डॉग ही बिळं करून राहणारी खार आहे. नाव कुत्र्याचं, जात खारीची.

मंगोलियातला रानघोडा, ज्याला तिथे ताखी म्हणतात, १९६० च्या दशकात रानातून नाहीसा झाला आणि प्राणिसंग्रहालयांत वाचलेल्या वंशातून १९९२ पासून पुन्हा मोकळा सोडला गेला. आपल्या पाळीव घोड्याचा वंश मात्र वेगळा. तो इसवीसनापूर्वी २००० च्या सुमारास व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या स्टेपमधून जगभर पसरला. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात तापीकाठी उभा असलेला घोडा मुळात या गवताळ प्रदेशाचा.

हिवाळ्यात वावरावरून अगदी खालून तरंगत जाणारा तो शिकारी पक्षी कोणता?

भोवत्या. पंख किंचित वर उचललेले, सपाट ‘व्ही’ आकाराचे. उडताना डावीकडे-उजवीकडे झुकत, गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीने चाचपत जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि मार्च-एप्रिलात परततो. कझाकस्तान आणि रशियाच्या स्टेपवर जमिनीवरच घरटं करतो.

तीन जाती जास्त दिसतात. पांढुरका भोवत्याचा नर जवळजवळ पांढरा आणि पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर गडद राखाडी आणि पंखावर आडवी काळी रेघ. माद्या दोन्हींच्या तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. लांबून त्यांच्यात फरक करण्याचा हट्ट धरू नका. तिसरा दलदली भोवत्या, पाण्याच्या आसपास. मादीचं डोकं सायीच्या रंगाचं आणि शेपटीच्या मुळाशी पांढरं नसतं.

दिवसभर एकेकटे फिरणारे हे पक्षी संध्याकाळी एका गवताळ जागी जमतात आणि जमिनीवर, गुडघाभर गवतात, झोपतात. गुजरातेत वेळावदरला अशी फार मोठी रात्रनिवाऱ्याची जागा आहे. तुमच्या शिवारात सूर्य बुडताना चार-पाच भोवत्या एकाच माळावर घिरट्या घालून उतरताना दिसले, तर ती जागा कापणी आणि चराईतून मार्चपर्यंत वगळा. तिथे रात्री बॅटरी घेऊन जाऊ नका. दोन रात्री उठवले तर जागा सोडून जातात.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट अशी की त्यांच्या पोटात नाकतोडे, टोळ आणि उंदीर जातात. फवारणीने नाकतोडे मेले की भोवत्याही त्या शिवारातून उठतो.

भोरड्या ज्वारी खातात. मग त्यांना का जपायचं?

खातात, यात वाद नाही. ऑगस्टपासूनच थवे येऊ लागतात आणि हुरड्यातल्या कणसांवर पडतात. गुलाबी अंग, काळं डोकं-पंख. पण याच पक्ष्याचं मुख्य खाणं टोळ. मध्य आशियात टोळांच्या मागोमाग त्यांच्या वसाहती फिरतात, आणि चीनच्या शिनजियांगमध्ये तर भोरड्यांनी यावं म्हणून दगडांचे ढीग रचून त्यांना घरट्यांची सोय करून देतात, म्हणजे औषध कमी मारावं लागतं. आपल्याकडे थवा सकाळी सूर्योदयानंतरचे दोन तास आणि संध्याकाळचा एक तास जास्त पडतो. राखण त्याच वेळी करा, गोफण पुरे. दाण्यात विष कालवू नका. भोरड्या मरतील, मागून चिमण्या, तितर आणि अंगणातल्या कोंबड्याही.

माळावर उघडी अंडी दिसली. उचलून सुरक्षित जागी ठेवावीत का?

हात लावू नका. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल, रातवा हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. माळटिटवीचं घरटं म्हणजे मुरमात खरवडलेला उथळ खड्डा, भोवती चार खडे, आत चार ठिपकेदार अंडी, टोकं आत करून. भर उन्हात पक्षी अंड्यांवर उभा राहून सावली धरतो. पोटाची पिसं ओली करून येतो आणि अंडी थंड करतो. तुम्ही दहा मिनिटं जवळ उभे राहिलात तर ती अंडी ४५ अंशांत शिजतात. अंडी दिसली की आल्या पावली मागे फिरा.

पखुर्डीचं वेगळंच. सकाळी आठ-नऊच्या सुमारास जोड्या-टोळ्या ठरलेल्या पाणवठ्यावर उतरतात, काही सेकंदांत पाणी पिऊन उडतात. पिल्लं असतील तर नर पोटाची पिसं पाण्यात बुडवून भिजवतो आणि उडत जाऊन पिल्लांना त्या पिसांतून पाणी चोखू देतो. पाणवठ्यापासून पन्नास पावलं लांब, आधीच बसून राहिलात तरच हे दिसेल.

लांडग्याने मेंढी मारली. लगेच काय करायचं?

१. मेलेलं जनावर हलवू नका, पुरू नका, सोलू नका. जखमा दिसतील असे फोटो घ्या, आसपासचे ठसेही. ठशाशेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे माप कळतं.

२. ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. वनविभागाचा १९२६ हा क्रमांकही चालतो.

३. पंचनामा होईपर्यंत थांबा. पशुवैद्यकाचा दाखला, आधार, बँक पासबुकाची प्रत तयार ठेवा.

प्रकरणं अडतात ती बहुतेक पहिल्या पायरीवर. ‘वास सुटला म्हणून फेकून दिलं’ म्हटलं की पंचनाम्याला काही उरत नाही. दुसरी अडचण म्हणजे मारणारा लांडगा होता की कुत्रं. लांडगा साधारणतः गळ्याला धरतो, एक-दोन जनावरं मारतो आणि ओढून नेतो किंवा पटापट खातो. भटक्या कुत्र्यांची टोळी मागच्या मांड्या, शेपटी, कान फाडते, अनेकांना जखमी करून सोडते, खात कमी. हे ठाम नियम नाहीत, पण पंचनाम्यात जखमांची जागा नीट लिहून घ्या.

टाळण्यासाठी: रात्री वाडा उघडा ठेवू नका. ठेलारी बांधव वावरात मेंढ्या बसवतात तेव्हा भोवती जाळी आणि त्याबाहेर बोराटीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, टाकतात; फास कमरेच्या वर असावेत आणि काटे बाहेरच्या बाजूला. कोकरं मधोमध. अंधुक उजेडाच्या वेळा, म्हणजे दिवेलागण आणि पहाट, सगळ्यात धोक्याच्या. आजारी किंवा लंगडं जनावर कळपाच्या मागे राहू देऊ नका. मेलेली जनावरं गावाबाहेर उघड्यावर टाकल्याने कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांकडून लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपर लागतो. माणसावर धावून येणारा लांडगा बहुधा पिसाळलेला असतो, एरवी तो सहसा माणूस पाहून बाजूला होतो.

लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. गुहा पेटवणं, पिल्लं काढणं, मढ्यावर विष टाकणं हे सगळे गुन्हे आहेत.

रोही (नीलगायी) पीक तुडवतात, उपाय?

पीक नुकसानीची तक्रार तीन दिवसांत करा आणि सातबारा जोडा. कुंपणात घरातली वीज सोडू नका. माणसं मेली आहेत. सौर झटका यंत्र चालतं, पण तारांखालचं गवत महिन्यातून एकदा कापलं नाही तर वीज जमिनीत उतरते आणि ‘मशीन खराब’ म्हणून लोक काढून टाकतात. तारा तीन-चार, वरची पाच फुटांवर.

पडीक माळावर झाडं लावली तर चांगलंच ना?

बहुधा नाही. माळ हा शब्द कागदावर ‘पडीक’ होतो तिथेच घोटाळा सुरू होतो. मुरमात खड्डे खोदायला यंत्र फिरलं की शेकडो वर्षांची गवताची मुळं उलथतात. त्यात ग्लिरिसिडिया, निलगिरी किंवा सुबाभूळ लावली तर पहिल्या दोन उन्हाळ्यांत बरीच मरतात. जगली ती सावली धरतात, आणि सावलीत पवना-मारवेल टिकत नाही. चिंकारा, धाविक, चंडोल यांना लांबवर दिसणारी मोकळी जागा लागते. झाडोरा वाढला की ते निघून जातात. चाराही जातो, आणि मेंढपाळाचा रस्ताही.

नांगरून टाकण्याचा अनुभवही जगाने घेतला आहे. प्रेअरीच्या उंच गवताची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. ती काढून गहू पेरला आणि १९३० च्या दशकात दुष्काळ पडताच अमेरिकेच्या मैदानावरची माती वाऱ्याने आभाळात गेली. सोव्हिएत राजवटीने १९५४ पासून कझाकस्तानचं स्टेप नांगरलं, आणि दहाएक वर्षांत तिथेही धुळीची वादळं उठली.

झाडंच लावायची असतील तर गावठाण, रस्त्याची कड, शाळा, विहिरीचा काठ, वावराचा बांध या जागा आहेत. माळावर फार तर मूळची बोर, हिवर, हिंगणबेट, तीही एकरी चार-पाच.

मग एक हेक्टर गायरान पुन्हा गवताचं करायचं तर?

पहिलं काम बी पेरणं नाही, चराई थांबवणं. जमिनीत मुळं शिल्लक असतील तर दोन पावसाळे नुसती राखण केली तरी अर्धं काम होतं. आधी ते करून बघा, बियाण्याचे पैसे वाचतील.

उघडा मुरूमच उरला असेल तर असं करा. मे महिन्यात उताराला आडवे दगडी बांध घाला; खोल चर यंत्राने खणू नका. बी मागच्या वर्षीचं घ्या. ताज्या बियांना सुप्तावस्था असते, ते पहिल्या पावसात उगवत नाही आणि लोक बियाणं नासकं होतं म्हणतात. हेक्टरी ४-५ किलो साफ बी पुरतं. कुसळं असलेलं हलकं बी वाऱ्याने उडतं आणि मुंग्या नेतात, म्हणून गोळ्या करा: बी एक भाग, शेण एक भाग, पोयटा तीन भाग, बारीक वाळू एक भाग, पाणी गोळी वळेल एवढंच. वाटाण्याएवढ्या गोळ्या सावलीत वाळवा.

मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून ओल वीतभर गेल्यावर, दीड फुटाच्या ओळींत गोळ्या टाका आणि वरून जेमतेम माती सारा. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेलं बी बहुधा वर येत नाही. फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. मारवेलचे ठोंब मिळाले तर बांधांच्या वरच्या अंगाला, जिथे ओल धरते तिथे, फूटभर अंतराने लावा. स्टायलोसारख्या परदेशी शेंगवर्गीय वैरणी वावराच्या बांधाला ठीक आहेत, नैसर्गिक माळात घालू नका.

पहिलं वर्ष एकही जनावर आत नको. दुसऱ्या वर्षी निम्म्या तुऱ्यांवर फुलोरा असताना विळ्याने चार बोटं वर ठेवून कापा. चौथाई भाग तुकड्यातुकड्यांनी उभा ठेवा, बी झडायला आणि पाखरांना.

किती गुरं चारता येतील याचा हिशोब सोपा आहे. तीनशे किलोच्या गाईला दिवसाला साधारण ७ किलो सुका चारा, वर्षाला अडीच टन. चांगलं कुरण हेक्टरी तीन टनांच्या आसपास देतं, त्यातलं निम्मं सोडायचं, उरलं दीड टन. म्हणजे एका गाईला पावणेदोन हेक्टर. बिघडलेल्या माळावर उत्पन्न एका टनाच्या आत येतं, तेव्हा हाच आकडा पाच हेक्टरांपुढे जातो. सहा मेंढ्या एका गाईबरोबर धरा.

गवत पेटवलं की नवं जोमाने येतं म्हणतात. पेटवावं का?

हिरवे कोंब लवकर दिसतात, कारण वरचं वाळकं निघून गेलेलं असतं. माळ सुधारला असा त्याचा अर्थ नाही. मार्च ते मे हा जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा काळ. जळालेली जमीन पहिला जोराचा पाऊस अंगावर घेते आणि मातीचा वरचा थर नाल्यात जातो. वनजमिनीत आग लावणं गुन्हाही आहे. डिसेंबर-जानेवारीत, गवत पूर्ण वाळायच्या आत, रस्त्याच्या कडेने चार-पाच मीटर रुंदीचा पट्टा कापून जाळरेषा साफ करा. बहुतेक आगी रस्त्याकडूनच येतात.

वेडी बाभूळ काढली तरी पुन्हा दुप्पट येते. का?

जमिनीच्या वर कापता म्हणून. कोंब फुटणारा भाग मुळाच्या वरच्या वीतभरात असतो. कुदळीने खाली एक-दीड वीत खणून मूळ तिथे तोडा. शेंगा पिकायच्या आत काढा, कारण शेंगा खाल्लेल्या शेळीच्या लेंडीतून बी सगळ्या माळावर जातं. काढलेल्या जागी त्याच पावसाळ्यात गवताच्या गोळ्या टाका, रिकामी ठेवली तर पुन्हा तीच येते.

माळढोक किंवा तणमोर दिसेल का?

आशेवर फिरू नका. माळढोक देशात दीडशेच्या आत उरलेत आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून उभा उड्या मारतो, दिवसाला शेकड्यांनी. काही दिसलंच, तर जागा समाजमाध्यमावर टाकू नका, वनविभागाला कळवा. चमत्कार घडतात हे मान्य. रानपिंगळा १८८४ नंतर कोणालाच सापडला नव्हता, तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पुन्हा दिसला. पण तो झाडीतला पक्षी, माळावरचा नव्हे.

कधी जावं, काय न्यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसहा ते नऊ. ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते. मातकट रंगाचे कपडे, दोन लिटर पाणी. गाडी चाकोरीतच ठेवा. एकदा गवतावरून गेलेलं चाक पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिसतं आणि त्याच रेघेवरून पाणी माती वाहून नेतं.

फुरशाची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

वाटायलाच हवी. हातभर लांब, मातकट, डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण. दगडाखाली वेटोळं करून बसतं. जवळ गेलात तर अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. माळावर दगड उलटताना हात नको, काठी घ्या. घोट्यावरचे बूट आणि संध्याकाळनंतर बॅटरी. चावलं तर कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका. पाय न हलवता १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात जा. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही आणि हा परिणाम काही तासांनी उघड होतो, म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणून मधूनच घरी परतू नका. डॉक्टर रक्त गोठण्याची तपासणी ठरावीक तासांनी पुन्हा करतात, तोपर्यंत तिथेच थांबा.